हौदातली मोकळी वीत

नळीच्या तोंडावर अंगठा दाबून पाणी मारणारा माणूस दिसला की मला आजही संताप येतो. अंगणात सडा मारणारा असो, रिक्षा धुणारा असो, मांडवापुढची धूळ बसवणारा कार्यकर्ता असो. अंगठा दाबला की धार लांब जाते, आणि त्या धारेकडे बघून त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरतं, जणू पाणी त्यानेच तयार केलं! धार लांब गेली म्हणजे पाणी जास्त आलं, हा आमच्या मराठवाड्याचा ठाम समज. अरे शहाण्या, खाली बादली ठेव आणि बघ कधी भरते. पण बादली ठेवून कोण बघतो? पाणी आलं हेच आमच्याकडे एवढं मोठं, की ते किती आलं हे विचारणं म्हणजे प्रसादाचं वजन करणं.

या अंगठ्याने एकदा माझ्या थोरल्या बहिणीला दुकानातून उठवायची वेळ आणली होती. अंगठ्याच्या जोडीला एक साबणाची वडी होती आणि एक काठोकाठ भरलेला हौद होता. रागात सांगतोय, पण क्रमाने सांगतो.

मी नांदेडचा. पाइप, कोपरे, टोट्या विकायचं माझं छोटं दुकान होतं. बहिणीला आम्ही अक्का म्हणतो. ती लातूरला कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरात दिलेली. घर शिवभक्तांचं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, पहाटेची पूजा कधी चुकायची नाही. जेवायला बसताना या घरात एक पाट जास्तीचा मांडतात आणि तो मोकळा ठेवतात. दारात कधीही जंगम, म्हणजे शिवभक्तांचा फिरता गुरू, येईल, आला तर त्याने उभं राहायला नको, म्हणून. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नेमका त्याच पाटावर बसलो. अक्काच्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, मला हाताला धरून उठवलं.

“तो पाट जंगमाचा हाय.”

“पण जंगम कुठे आहेत, आप्पा?”

“आले न्हाईत म्हणून तर मोकळा हाय.”

मी उठलो आणि भिंतीला टेकून जेवलो. हा पाट लक्षात ठेवा.

त्या घराचा दुसरा नियम पाटाहून पक्का होता. दुकान खाली, घर वर, आणि सुनेने दुकानात उतरायचं नाही. जिन्यावरून चहा खाली जायचा, रिकामे कप वर यायचे, अक्का मात्र वरच्या पायरीवर. कापडावर नुसता हात फिरवून ते कितव्या धुण्याला विटेल हे सांगणारी बाई ती. आमच्या आईला बाजारात अख्खी नांदेडची कापडलाईन घाबरायची, ते हिच्यामुळे. आणि सासरी काय, तर कप मोजून घ्यायचे.

मग लातूर जिल्हा झाला. ज्याला त्याला जिल्ह्याचा वारा लागला. न्हाव्याने फिरती खुर्ची आणली, चहावाल्याने पाटीवर ‘जिल्हा’ हा शब्द त्याच्या दुकानाच्या नावापेक्षा मोठा रंगवला, आणि माझ्या दाजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्याने, माशाची पेटी आणायचं ठरवलं. लहानसहान नाही, बाजेएवढी लांब, काचेची, लोखंडी घोडीवर ठेवलेली.

“पाव्हणं,” दाजी मला म्हणाले, “आता उस्मानाबादच्या खेपा बंद. साहेब लोक इथंच राहायला येऊन राहिले. मोठमोठ्या बाया दुकानात येणार. बघायला कायतरी पायजे का न्हाई?”

मासे हैदराबादहून आणायचा जिम्मा माझ्यावर. प्लास्टिकच्या पिशव्यांत सोनेरी मासे घेऊन मी रेल्वेत बसलो, मग एसटीत बसलो, आणि दोन्हीकडे शेजाऱ्याने एकच प्रश्न विचारला, “तळायचे का रश्शाचे?” लातूरला पोचलो तर आप्पा दारातच उभे.

“आपल्या घरात मासोळी?”

“खायची न्हाई, आप्पा. बघायची,” दाजी म्हणाले.

“बघता बघताच वास सुटतो,” आप्पा म्हणाले आणि पूजेला बसले.

दुकानातले नोकर माशांना दिसेल ते खाऊ घालायचे. एकाने शेवसुद्धा घातली. मासे मरायला लागले, तेव्हा नाइलाजाने अक्काला खाली बोलावलं. “फक्त माशांपुरतं,” असं आप्पांनी बजावलं. आम्ही दोघं लहानपणी नांदेडच्या घाटावर पिठाच्या गोळ्या टाकून मासे गोळा करायचो, तिला हे सगळं हातचं होतं. ती सकाळी एकदा उतरायची. मग संध्याकाळीही उतरायला लागली. पेटीजवळ एक स्टूल आलं. समोर लुगडी बघत बसलेल्या बाया मान वळवून हळूच विचारायच्या, “वैनी, ह्याचा रंग राहील का वो?” अक्का माशांकडे बघत सांगायची, “हा घेऊ नका, त्या खालचा घ्या.” स्टुलाची हळूहळू गादी झाली. बाया औशाहून, चाकूरहून यायला लागल्या आणि दाजींना ओलांडून थेट पेटीकडे जायला लागल्या. विक्री वाढली, म्हणून दाजी गप्प. विक्री वाढली, म्हणून आप्पाही गप्प. पण मासे आहेत म्हणून अक्का खाली आहे, मासे संपले की ती वर, हे त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आणि मग दुष्काळ पडला.

लातूरचा दुष्काळ लातूरकरालाच समजतो, असं लातूरकर सांगतात. आम्हा नांदेडच्या लोकांना त्यात बोलायची सोय नाही. काही बोललं की लगेच, “तुम्ही गंगाकाठची माणसं, तुमाला पाण्याची काय किंमत!” जणू आम्ही गोदावरी घरात घेऊन झोपतो. त्या उन्हाळ्यात नळाला येणारं पाणी आधी आठवड्याचं झालं, मग अफवेचं झालं. गल्लीत टँकर आला की घागर, बादली, पातेलं, डब्याचं झाकण, जे जे पाणी धरेल ते ते भरायचं. दुकानासमोरून घागरी घेऊन जाणाऱ्या बाया काचेतून आत बघायच्या आणि ऐकू जाईल अशा बोलायच्या, “जल्म घ्यावा तर ह्यांच्या माशाचा घ्यावा बाई.” त्यांचं काही चुकत नव्हतं, पण अक्काने खालमानेने ते ऐकावं याचा मला राग यायचा. पेटीतलं पाणी महिनोन्महिने तेच होतं. गाळ काढताना निघेल तेवढं अंगणातल्या बेलाला जायचं. त्या गल्लीत हिरवा एवढा एकच बेल, आणि आप्पांच्या पूजेची पानं त्याचीच, हे कुणी बोलायचं नाही.

मे महिन्यात अक्काचा ट्रंककॉल आला.

“पाणी तापून राहिलंय रे. मासे वर येऊन तोंड उघडतात. दोन गेले. आप्पा म्हणले, राहिलेले गेले की पेटी विकून टाका, मग तुला खाली यायचं कारण उरत न्हाई.”

“आणि दाजी काय म्हणाले?”

“ते कधी काय म्हणतात?”

मी दुसऱ्या दिवशी एसटीत बसलो.

दुकानाखाली तळघर होतं. कापडाचे गठ्ठे ठेवायचं. बाहेर पत्रा पेटलेला असताना त्या तळघरात अंगावर शहारा यायचा. मी तिथे उभा राहिलो आणि मला सगळी मांडणीच दिसली. पेटीचं पाणी तळघरात फिरवून आणायचं! खाली विटा-सिमेंटचा हौद बांधायचा. पेटीच्या काठावरून पाणी मोठ्या नळीने हौदात उतरेल, तिथे गार होईल, गाळ तळाला बसेल, आणि हौदातला पंप ते परत वर चढवेल. आत पाणी जास्त, म्हणून तापायलाही वेळ जास्त. नवीन पाणी लागेल ते फक्त वाफ होऊन उडेल तेवढं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पाणी खाली न्या, वर न्या, वाजतगाजत वरात काढा. पण ज्या दिवशी ते फरशीवर दिसलं, त्या दिवशी पेटी भंगारात.”

जिन्याच्या वरच्या पायरीवर अक्का उभी होती. तिने ते ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. घाटावर मी खोल पाण्याकडे सरकायला लागलो की ती असंच बघायची.

आता नळ्यांचं. हौदाच्या तळापासून पेटीच्या काठापर्यंत चांगली अडीच परस, म्हणजे अडीच माणसांएवढी, उंची. पंपाची भांडणं दोन असतात. एक उंचीशी, ते मिटत नाही. जेवढं वर न्यायचं तेवढा दम जाणारच. दुसरं नळीच्या आतल्या अंगाशी. पाणी नळीला घासतं, प्रत्येक कोपऱ्यावर अडखळतं, आणि नळी जितकी अरुंद तितकं जास्त घासतं. हे भांडण मात्र मिटवता येतं: नळी रुंद घ्या, कोपरे कमी करा. म्हणून पंपाचं तोंड एक इंची असलं तरी वर चढायची नळी मी सव्वा इंची सांगितली. उतरायच्या नळ्या दोन इंची, आणि त्या दोन, कारण उतरणाऱ्या पाण्यामागे पंप नसतो, ते आपल्या वजनाने जातं, आणि एखादी गाळाने तुंबली तर दुसरी हवी. कापड बेततात त्या खडूने मी तळघराच्या फरशीवर आणि भिंतीवर सगळं आखून दिलं. मग दुकान उघडायला नांदेडला गेलो. परत आलो तो पाइपही घेऊन आलो.

हौद बांधून तयार होता. पंप बसला होता. आणि वर चढायची नळी अर्धा इंची! लोखंडी! वाटेत सहा कोपरे, कारण मिस्त्रीला कोपऱ्यांची हौस.

“हे काय?”

“पाव्हणं,” दाजी हसत म्हणाले, “पंपाचं तोंड एक इंच. तुमी सांगता सव्वा. पाइपाचं दुकान तुमचं. आमी व्यापारीच हाव की!”

म्हणजे मी बहिणीच्या घरी आपला पाइप खपवायला आलो होतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मिस्त्री तर आणखी पुढचा. दखनीत मला समजावायला लागला, “भाई, पानी कू दबाना पडता. मूं छोटा करे तो जोर आता.” आणि असं म्हणत त्याने हवेत अंगठा दाबून दाखवला. तोच अंगठा!

त्यांनी पंप चालू केला. पंप कण्हायला लागला. वर पेटीत, नळीच्या टोकाला बारीकशी धार, जोरात, लांब, पिचकारीसारखी. समोरच्या काचेवर जाऊन आदळली. मिस्त्री खूश. दाजी खूश. दोन नोकरांनी टाळ्या वाजवल्या. मासे घाबरून कोपऱ्यात एकमेकांवर चढले, आणि दुपारी पेटीत हात घातला तर पाणी सकाळइतकंच कोमट. एवढ्याशा धारेने एवढी पेटी गार व्हायला पुढची संक्रांत उजाडली असती.

मी गादीवर उभा राहिलो. हो, चप्पल काढून, पण उभा राहिलो.

“दाजी, दिवाळीच्या आदल्या दिवशी दुकानाच्या दाराची एकच फळी काढली, बाकी सगळ्या लावून ठेवल्या, तर काय होईल?”

“काय व्हायचंय? चेंगराचेंगरी.”

“बाहेर जोर असेल?”

“लई जोर.”

“आत गिऱ्हाईक किती येतील?”

दाजींनी दाराच्या फळ्यांकडे वळून बघितलं. व्यापाऱ्याला नळीतलं पाणी दिसत नाही, फळीतून आत येणारं गिऱ्हाईक दिसतं. पेटीजवळून अक्काचा आवाज आला, “सगळ्या फळ्या काढा म्हणतोय तो. ऐका की एकदा.” आणि दाजी मिस्त्रीला म्हणाले, “काढ ती नळी.” मिस्त्रीने ती काढली खरी, पण मान हलवत, आणि तोंडाने पाण्याचं भविष्य सांगत.

सव्वा इंची नळी चढली. कोपरे सहाचे दोन झाले. पंप लागला तेव्हा आवाजच बदलला, चिडलेलं माणूस जेवायला बसलं की बदलतो तसा. धार लांब गेली नाही. जाड, संथ, गुबगुबीत पाणी पेटीत यायला लागलं. दोन नळ्यांनी ते गुडगुडत तळघरात उतरायला लागलं. दुपार उलटेपर्यंत पेटीचं पाणी हाताला गार लागलं. मासे पृष्ठभाग सोडून खाली गेले, आणि अक्का कितीतरी दिवसांनी पेटीकडे पाठ करून गिऱ्हाइकाशी बोलली.

मी निघायच्या आधी सगळ्यांना तळघरात उभं करून दोन गोष्टी सांगितल्या. वीज जाणार. लातूरची वीज पाहुण्यासारखी, कधी उठून जाईल सांगता येत नाही. ती गेली की पंप थांबणार, आणि पेटीत बुडालेल्या नळीतून पाणी उलटं खाली ओढलं जाणार. म्हणून वर, पाण्याच्या पातळीखाली दोन बोटांवर, मी नळीला एक बारीक भोक पाडलं आहे. पातळी तिथवर आली की भोकातून हवा शिरेल आणि ओढ तुटेल. पंप चालू असताना त्यातून पाणी फुरफुरेल. फुरफुरू द्या. दाजींनी विचारलं, उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व का नको? म्हटलं, त्यात माशांची घाण अडकते आणि नेमका ऐन वेळी तो उघडा राहतो. भोक दगा देत नाही.

दुसरी गोष्ट हौदाची. वरून ते दोन बोटं पाणी आणि नळ्यांतलं पाणी खाली येईल, तेव्हा त्याला जागा हवी. हौदाच्या आतल्या अंगाला मी तांबड्या रंगाची रेघ मारली. काठाखाली एक वीत. “रेघेच्या वर पाणी भरायचं नाही. ही वीत मोकळी ठेवायची.”

आप्पांनी वाकून त्या वितीकडे बघितलं.

“एवढी जागा वाया?”

“वाया नाही, आप्पा. राखीव.”

“गंगाकाठची माणसं,” आप्पा म्हणाले आणि जिना चढून गेले.

मी नांदेडला आलो. पुढचा ट्रंककॉल दाजींचा होता. दाजी स्वतः फोन करतात म्हणजे घरात कुणीतरी गेलं असणार, असंच मला वाटलं.

“पाव्हणं, तळघरात पाणीच पाणी. सगळे गठ्ठे भिजले. या आणि आपली पेटी घिऊन जा.”

आपली पेटी! काल जिल्ह्याची होती, आज माझी झाली.

एसटी चाकूरला थांबली. स्टँडामागे हापशाभोवती घागरींची रांग, आणि हापसा नुसता हवा उपसत होता. आवाज यायचा, पाणी नाही. त्या रांगेकडे बघताना, अक्काच्या तळघरात पाणी फरशीवर पसरलं आहे हे माझ्याने तिथे कुणाला सांगवलं नसतं. मी चहाही न घेता परत गाडीत चढून बसलो आणि लातूर येईपर्यंत मनातल्या मनात मिस्त्रीला मारत राहिलो.

पण मिस्त्री निर्दोष होता. तळघरात उतरलो तर अक्का पदर खोचून, गठ्ठ्यांच्या बारदानाने फरशीवरचं पाणी टिपून बादलीत पिळत होती. थेंब वाया जाऊ देत नव्हती. वर पेटीत अर्धंच पाणी, आणि मासे तळाशी खेटून. पेटी उचलायला हमाल बोलावलेसुद्धा होते. ते जिन्याजवळ बिड्या ओढत बसले होते.

मी आधी वर जाऊन पेटीतली नळी बघितली. माझं भोक गायब! तिथे पिवळट, गुळगुळीत काहीतरी. नखाने उकरलं. साबण. अंगाचा साबण, वास येणारा.

“हे कुणी बुजवलं?”

दाजी छताकडे बघायला लागले. “थेंब उडून राहिले होते, पाव्हणं. दुष्काळात गळकी नळी चांगली दिसते का? लोक बघतात.”

“गळकी? मी ती मुद्दाम... ” मी परत तळघरात हौदाकडे गेलो. हौद काठोकाठ. रेघ पाण्याखाली बुडालेली.

“आणि हा कुणी भरला?”

“मी,” आप्पा जिन्यावरून म्हणाले. आवाजात पश्चात्तापाचा लवलेश नाही. “टँकर आला होता. सगळी भांडी भरली, तरी नळीला पाणी होतं. हौदात वीतभर जागा दिसली. भरली.”

“मी सांगितलं होतं, आप्पा!”

“सांगितलं असंल. दारात टँकर उभा, आन् हौद रिकामा ठेवून त्याला परत धाडू? गल्लीनं काय म्हणावं? देवानं काय म्हणावं?”

मग मी ओरडलो. सासरच्या माणसांपुढे बहिणीच्या भावाने ओरडायचं नसतं, ही रीत मला माहीत आहे. मी ओरडलो. म्हटलं, एकाने नळीचा श्वास कोंडला, दुसऱ्याने हौदाचा. वीज गेल्यावर अर्धी पेटी खाली आली, तिला बसायला जागा नाही, ती गठ्ठ्यांवर बसली, आणि भंगारात कोण जाणार, तर पेटी! आणि वर कोण जाणार, तर माझी बहीण! पाणी सांडलं तुम्ही दोघांनी, तेही पाणी वाचवण्याच्या नादात. आवाज इतका चढला, की जिन्याजवळचे हमाल बिड्या विझवून उभे राहिले. त्यांना वाटलं, आपल्यालाच बोलावतोय.

आप्पांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “झालं का?” ते म्हणाले. “फरशीवर पाणी आलं का न्हाई? मी शब्द दिला होता.” आणि हमालांना म्हणाले, “उचला.”

अक्का पिळा टाकून उठली. तिने हात पदराला पुसले. आप्पांशी ती कधीच समोरासमोर बोलत नसे, भिंतीशी बोलायची, आणि आप्पांनी ते ऐकायचं. त्या दिवशी ती त्यांच्याशीच बोलली.

“आप्पा, जेवताना मोकळा पाट मांडता. जंगम यायचा म्हणून. मी या घरात आले तेव्हापासून बघून राहिले, कितीदा आले जंगम?”

“येतात कधीमधी.”

“आन् बाकी दिवस?”

“मोकळा.”

“घरात ज्वारीची पोती ठिवायला जागा न्हाई म्हणून तुम्ही ओरडता. त्या पाटावर कधी पोतं ठिवलं का? एवढी जागा वाया म्हणून?”

अक्काने हौदाच्या काठाकडे बोट केलं.

“ह्ये वीतभर तसंच हाय. वरचं पाणी कधी खाली येईल ते सांगून येत न्हाई. आलं तर त्यानं उभं राहायचं का?”

माझा एवढा आरडाओरडा, फळ्या, परस, घासणारं पाणी, सगळं एका पाटाखाली गेलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. हे मला का सुचलं नाही? त्या पाटावरून तर मीच उठवला गेलो होतो!

आप्पा हळूहळू जिना उतरले. हौदापाशी गेले. कडेला पडलेला तांब्या उचलला, आणि हौदातलं पाणी काढून बादल्यांत ओतायला लागले. एक तांब्या, दुसरा तांब्या. रेघ दिसेपर्यंत थांबले नाहीत. मग बादल्या हमालांपुढे ठेवून म्हणाले, “ह्या बेलाला घाला, आन् जावा घरी.”

भिजलेले गठ्ठे अक्काने गच्चीवर वाळत घातले. पुष्कळांचा रंग एकमेकांत उतरला होता. दाजी म्हणाले, घडी घालून मालात मिसळून टाकू. अक्का म्हणाली, न्हाई. तिने ती लुगडी गादीवर वेगळी मांडली आणि येईल त्या बाईला सांगितलं, “ह्ये पाण्यात भिजलंय, रंग गेलाय, पण सूत चांगलंय, टिकंल.” दुष्काळाचं साल, बायांना टिकणारंच हवं होतं. त्यांनी ती लुगडी नेली, आणि अक्का सांगेल ते खरं, हे गावोगाव घेऊन गेल्या. त्यानंतर अक्काला वर पाठवायचं दाजींनीच मनात आणलं नाही.

आणि आप्पा? पावसाळ्यानंतर मी लातूरला गेलो, तर आप्पा कुण्या पाहुण्यांना तळघरात नेऊन हौद दाखवत होते. जिन्यात मला त्यांचा आवाज ऐकू आला. “ही वीतभर जागा बघा. लोक म्हणतील वाया हाय. वाया न्हाई, राखीव हाय. ह्येच्यात लई विचार असतो.” विचार कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. पाहुण्यांनी माना डोलावल्या. माझं डोकं फिरलं. मी तसाच दुकानात आलो आणि समोर बघतो तर बाहेरच्या पायऱ्यांवर तोच मिस्त्री नळी धरून धूळ बसवतोय, आणि नळीच्या तोंडावर अंगठा!

“अरे ए!” मी दारातून गर्जलो. “काढ तो अंगठा! बादली ठेव खाली, बादली!”

गादीवर बसलेल्या दोन बाया दचकल्या. त्यांच्यापुढे लुगडं उलगडून धरलेल्या अक्काने मानही वर केली नाही.

“दुकानात ओरडू नको,” ती म्हणाली. “गिऱ्हाईक हाय.”